उखळातली पहिली मूठ

वडवणीच्या पतसंस्थेत कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्याच्याम्होरं तीन नारळ फुटले, आन् तिसऱ्याचं पाणी नेमकं त्याच्या पाठीमागच्या फटीत गेलं. चार दिवस ते मुकाट बसलं. लोक म्हणले, देव पावला न्हाई. पाचव्या दिवशी उन्हात वाळवून चालू केलं तर चालू झालं, आन् तिथून म्होरं ज्याची त्याची पत सांगायला लागलं.

ते दिवसच तसे व्हते. नाक्यावर एसटीडीचा पिवळा डबा बसलता. ज्या घरावर पत्रे नीट नव्हते त्या घरावर टीव्हीची छत्री आलती. ज्याला त्याला काई तरी नवं पायजे व्हतं. पतसंस्थेचा चेअरमन विजयसिंह, तिशीतला गडी, त्यानं पुण्याहून पंच्याऐंशी हजाराचा एक प्रोग्राम आणला. नाव त्याचं 'जोखीम'. कुणाला कर्ज द्यावं, कुणाला देऊ न्हाई, हे आता माणसानं ठरवायचंच न्हाई. कॉम्प्युटरला खात्याचा नंबर सांगायचा. शेजारचं छपाईयंत्र चर्र-चर्र करून दोन्ही कडंला भोकं असलेला कागद ओकायचं, आन् त्यावर तीनातला एक शेरा यायचा. उत्तम, मध्यम, न्हाई तर धोका.

गंगासागरला धोका आला.

आता गंगासागर कोण, तर पेठेतल्या केदारप्पाची बायको. केदारप्पाचं छोटं किराणा दुकान, आन् दुकानामागच्या पडवीत हिचं उखळ. वीस वर्सं निम्म्या वडवणीची मिरची, हळद, काळा मसाला हिनं हातानं कांडलता. मुसळ मारून मारून उजवा खांदा असा झालता की वेणी घालायला हात वर जात नव्हता. म्हणून तिनं बीडला मिरची कांडायची मशीन बघून ठिवली. किंमत अठ्ठावीस हजार. घरातले तीन हजार इसार देऊन आली. दुकानदारानं सांगितलं, "बाई, येत्या बाजारच्या दिवशी सांजपर्यंत बाकीचे आणा. न्हाई तर तलवाड्याची एक पार्टी रोख घेऊन बसलीय. मशीन तिकडं जाईल, आन् इसार परत मिळायचा न्हाई."

बाजाराला तीन दिवस व्हते. तीन हजार बुडायचे, मशीन जायची, आन् चैत्राचा सीझन डोक्यावर. आता ह्या खांद्यानं आणखी एक सीझन मुसळ उचलणं म्हंजे खांदा उखळातच ठिवून यावं लागलं असतं.

"काकू, मी तरी काय करू?" विजयसिंहनं कागद तिच्याम्होरं सरकवला. "धोका आलाय."

"कुणाला धोका?"

"संस्थेला."

"कुणापासून?"

"तुमच्यापासून."

गंगासागरला आधी हसूच आलं. "आरं बाबा, चार वर्सांत माझी एक बी पावती चुकली का? चारशे रुपयांनी खातं उघडलं, आज चौसष्टशे हायेत. एक दमडी काढली न्हाई. माझ्यापासून कसला धोका? मी काय मुसळ घेऊन आले का?"

"काकू, माणूस चुकतो. मशीन खोटं बोलत नसतं." आन् त्यानं डोक्यावरच्या भिताडाकडं बोट केलं. तिथं काचेच्या फ्रेममधी त्याचा सोताचा कागद लटकवलता. खाते नंबर एकशे सतरा. शेरा: उत्तम. कागदाच्या कडंची भोकं सुद्धा कापली नव्हती. त्याला हार घातलता.

ती बाहेर आली तर बाकड्यावर बंकट बसलेला. बंकटची वळख एवढीच सांगायची की वडवणीत त्याला सरळ रस्त्यानं घरी जाता येत नव्हतं. कावून की सरळ रस्त्यावर चार दुकानं व्हती आन् चारी दुकानात त्याची उधारी. तो गावाला वळसा घालून घरी जायचा. तर हा बंकट कागद हलवून वारा घेत बसलता.

"काय आलं, वैनी?"

"तुला काय आलं, ते सांग."

"उत्तम!" बंकट म्हणला. "चाळीस हजार मागितलेत. बाजारच्या दिवशी उचलायचे."

गंगासागर तिथनं तडक घराकडं निघाली.

घरी आल्यावर तिनं केदारप्पाला समदं सांगितलं. केदारप्पा गरीब माणूस, पण जिभेला हाड नव्हतं. जेवण उरकलं. हात धुतला, मिशी पुसली, आन् अंथरूण उचलून दुकानात निघाला.

"आवं, तिकडं कुठं?"

"दुकानात झोपतो. तुझ्यापासून धोका हाय म्हणत्यात. कॉम्प्युटरला कळलं, मला वीस वर्सं कळलं न्हाई."

तिनं लाटणं फेकून मारलं. खांद्यामुळं नेम चुकला.

पण केदारप्पाची थट्टा घरातली. दुसऱ्या दिवशी बंकटनं बाजारपेठेत उच्छाद मांडला. बीडला जाऊन त्यानं तो कागद जाड प्लॅस्टिकमधी चिकटवून आणलता. ज्या दुकानाची उधारी त्या दुकानात जाऊन छातीवर पाटीवानी धरायचा. "वाच बे. काय लिव्हलंय? उत्तम. दे एक बंडल बिडी. मांड खात्यावर." आन् दुकानदार देत व्हते! पंच्याऐंशी हजाराच्या प्रोग्रामचं म्हणणं कोण मोडणार?

केदारप्पाकडं बी आला.

"माझी बायको धोका हाय," केदारप्पा म्हणला. "धोक्याच्या घरात उत्तम माणसानं बिडी मागू न्हाई. बाधल."

गंगासागर पडवीतून ऐकत व्हती. तिनं उखळ पुसलं, ताटलीत चार भाजके पापड घेतले, वर हिरव्या मिरचीचा ठेचा ठिवला, आन् भर दुपारी, चेअरमन जेवायला गेलेला वख्त साधून, पतसंस्थेत गेली.

कॉम्प्युटरवर प्रणिता बसायची. मास्तरची पोरगी, बीडला सहा महिने शिकून आलेली, नाकीडोळी नीटस आन् बोलायला कमी. पापड मोडता मोडता तिचा बांध फुटला.

"मावशी, मला बी पटंना. पण ते काय करतं, सांगू का? तुमच्या खात्याच्या चार ओळी हायेत. दर वर्साला किती शिल्लक, त्याची एक ओळ. शेवटची ओळ आजची. मंग ते प्रत्येक ओळीला तिच्या मागची ओळ इचारतं: तुझ्यापेक्षा किती वाढले, किती घटले? सगळ्यात मोठी उडी ज्या बाजूला, तो शेरा. वर उडी, उत्तम. खाली उडी, धोका. फार हलचाल नसली तर मध्यम."

"माझे तर वाढतच गेले."

"तेच तर."

गंगासागरला अक्षर यायचं न्हाई, पण आकडा तिला चांगला कळायचा. ती खुर्ची सरकवून पडद्याजवळ गेली. हिरव्या आकड्यांची उतरंड. नंबर एक संगमेश्वराच्या देवळाचं खातं, त्याच्याखाली गाव. समदे एकाखाली एक, पंगतीला बसल्यावानी. तिनं बोटानं सोताच्या ओळी गाठल्या.

"हे माझे चारशे, ही पहिली ओळ. दुसरीनं पहिलीला इचारलं. तिसरीनं दुसरीला. बरं. पहिलीनं कुणाला इचारलं?"

"पहिलीच्या मागं काईच न्हाई, मावशी."

"वर तर हाय की."

प्रणिताच्या हातातला पापड हातातच राह्यला. गंगासागरच्या चारशे रुपयांच्या बरोब्बर वर एक लाख पाच हजार लिव्हलेले व्हते. ती खाते नंबर एकशे सतराची शेवटची ओळ. चेअरमनची.

"आगं बया," प्रणिता म्हणली. "ते खातं बदललेलंच बघत न्हाई. नुसतं वरची ओळ बघतं. म्हंजे त्याला वाटलं, तुमच्याकडं एक लाख पाच हजार व्हते, आन् तुमी ते उडवून चारशेवर आलात."

गंगासागर खुर्चीत मागं टेकली आन् खांदा दुखस्तोवर हसली. प्रणिताला वाटलं, बाईला धक्का बसला.

"पोरी, हे माझ्याकडून झालतं," ती म्हणली. "लगीन करून आले त्या वर्षी. मुक्ताबाईच्या घरची लवंगी मिरची कांडली, आन् उखळ न पुसता त्याच्यातच एका लग्नाची हळद कांडून दिली. हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या अंगाला लावली की. नवरदेव मांडवभर नाचला! लोक म्हणले, पोरगं खुशीत हाय. वाजंत्र्यांनी आणखी जोरात वाजिवलं." तिनं डोळे पुसले. "तव्हापासून माझा नेम हाय. गिऱ्हाईक बदललं की उखळात आधी मूठभर ज्वारी कांडायची आन् ती उकिरड्यावर टाकायची. कावून की त्या पहिल्या मुठीत मागच्याची मिरची असती. तुझ्या ह्या बाबाला कुणी पहिली मूठ टाकायला शिकिवलीच न्हाई. मागच्याचा खकाणा म्होरच्याच्या नाकात."

"आन् बंकट?" प्रणितानं पटकन खाली बघितलं. एकशे एकोणीस. बंकटनं खातं उघडलतं तव्हा बापाच्या जागेचे तीस हजार आलते. मंग नऊ हजार गेले, आणखी नऊ गेले, शेवटी चाळीस रुपये राह्यले. पण पहिल्या तीस हजाराच्या वर गंगासागरचे चौसष्टशे. म्हंजे तेवीस-चोवीस हजाराची उडी, वर!

"माझ्या पाठीवर पाय दिऊन ते बेणं उत्तम झालं!" गंगासागर उठून उभी राह्यली. "मोठ्याच्या मागं बसलं की माणूस पडलेला, आन् लहानाच्या मागं बसलं की चढलेला. बरं, मंग आपल्या चेअरमनसायबाच्या मागं... म्हंजे वर, कोण बसलंय?"

प्रणितानं बघितलं. एकशे सोळा. म्हाळू मेंढका. शिल्लक अकरा रुपये. संस्था निघाली तव्हा सभासदांचा आकडा भरायला धरून आणलता, अकरा रुपये बी चेअरमननंच भरलते. त्या अकराच्या खाली चेअरमनची पहिली ओळ, एक लाख.

दोघींनी एकदाच भिताडावरच्या हाराकडं बघितलं.

संध्याकाळी प्रणितानं इमानदारीनं साहेबाला सांगून बघितलं. पहिली ओळ कशी वगळायची ते बी तिनं शोधून काढलतं, फार तर चहा पिण्याएवढ्या येळाचं काम.

विजयसिंहनं शांतपणे ऐकलं. "प्रणिता, तुझा पगार किती?"

"सहाशे, सर."

"प्रोग्रामची किंमत किती?"

"पंच्याऐंशी हजार."

"मग डोकं कुणाचं चालायला पाहिजे?"

ते तिथं संपलं. वरतून त्यानं ठरवलं की बाजारच्या दिवशी संस्थेम्होरं मांडव टाकायचा, भोंगा लावायचा, गावोगावचे लोक बोलवायचे, आन् सगळ्यांसमोर कागद छापून दाखवायचे. पहिला कागद सोताचा. मंग कर्जाचं वाटप. "लोकांना कळू द्या, वडवणीत काय आलंय."

प्रणितानं हे येऊन सांगितलं तव्हा बाजाराला एक दिवस राह्यलता. गंगासागर ऐकून पोत्याला टेकली. केदारप्पाला वाटलं, बाई खचली. त्यानं जवळ येऊन म्हणलं, "आगं, जाऊ दी. ह्या वर्षी मी कांडतो. तू फकस्त बस."

"तुमी कांडाल आन् दिवाळीला द्याल," ती म्हणली. पण बोलता बोलता तिची नजर दुकानाच्या पायरीवर गेली. तिथं म्हाळू बसलता.

म्हाळू काल सकाळपासून तिथंच व्हता. गुंडाळलेल्या घोंगड्यावर बसलता आन् उठत नव्हता. चहा दिला, बसून पिला. उन आलं, घोंगड्यासकट सावलीत सरकला. उंबऱ्यावर ढेकूण बी एवढा येळ बसत न्हाई.

गंगासागर त्याच्याजवळ पायरीवर टेकली. "म्हाळूदादा, मेंढरं कुठायत?"

"इकली."

"समदी?"

"दीडशे. गुडघे गेले, अक्का. पोरगं म्हणतं, मी मेंढरामागं न्हाई फिरत. चकलांब्याला भाच्याच्या शेजारी तीन एकर रान बघितलंय. आठ दिसांनी कागद व्हायचाय."

"आन् तवर पैसे?"

म्हाळूनं घोंगड्यावर बूड आणखी घट्ट केलं.

"झोप लागती का?"

"कुठली झोप!" म्हाळू रडकुंडीला आला. "दीडशे मेंढरं राखली, लांडगं आलं तरी घोरत व्हतो. ह्या दीड फुटाच्या घोंगड्यापायी डोळ्याला डोळा न्हाई. काल परसाकडं बी घोंगडं घेऊन गेलतो."

"मंग एक काम कर की. तुझं पतसंस्थेत खातं हाय."

"माझं? हॅट्!"

"एकशे सोळा. अकरा रुपये हायेत." गंगासागरनं पदर सावरला. "उद्या सकाळी पैसे त्यात घाल. पावती मी बघून घेते, एकेक आकडा. आठ दिसांनी व्याजासकट उचल आन् चकलांब्याला जा. तुझं घोंगडं मोकळं, तुझी झोप मोकळी. आन् तुझ्या पाठीमागं... म्हंजे खाली... एक जण बसलाय, त्याला बी जराक ठसका लागंल."

"कुणाला?"

"तू झोप काढ. ठसक्याचं मी बघते."

तिनं म्हाळूला खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं, एवढं ध्यानात ठिवा.

बाजारच्या दिवशी सकाळी म्हाळू, गंगासागर आन् घोंगडं, तिघं पतसंस्थेत गेले. एक लाख ऐंशी हजार. नोटांना मेंढराचा वास सुटलता. मोजायला तास गेला. विजयसिंह आतून धावत आला, त्यानं म्हाळूला मिठी मारली, फ्रेमवरचा हार काढून म्हाळूच्या गळ्यात घातला, आन् लोकांना म्हणला, "बघा! कॉम्प्युटर आल्यावर ठेवी कशा चालत येतात बघा!"

प्रणितानं मान खाली घातली ती वर काढलीच न्हाई. हसू दाबताना तिचे कान लाल झालते.

अकराला मांडव भरला. बाजार सोडून लोक आले. भोंगा व्हता ना. कॉम्प्युटर टेबलासकट बाहेर आणून ठिवलता आन् त्याला ऊन लागू नये म्हणून वर लग्नातली छत्री धरलती. माइकवर राधाकिशन, संस्थेचा जुना कारकून. संस्था निघाल्यापासून खातेवह्या लिव्हलेला माणूस. हातात येईल ते एकाच सुरात वाचायची त्याची रीत. मयताचा कागद असो का लग्नाची पत्रिका, सूर तोच.

"माणूस चुकतो," विजयसिंहनं भाषण आवरतं घेतलं, "पण मशीन खोटं बोलत नसतं. सुरुवात माझ्यापासून करा."

चर्र-चर्र. प्रणितानं कागद फाडून राधाकिशनच्या हातात दिला. राधाकिशननं चष्मा लावला.

"खाते नंबर एकशे सतरा. विजयसिंह. शेरा, धोका."

भोंग्याचा आवाज बैलबाजारापर्यंत जात व्हता. तिथं सौदे थांबले म्हणत्यात.

"काय?" विजयसिंहनं कागद हिसकला. "दुसरा काढ!"

चर्र-चर्र.

"खाते नंबर एकशे सतरा," राधाकिशन त्याच सुरात, "विजयसिंह. शेरा, धोका."

"आरं, माइक बंद कर!"

पहिल्या रांगेत बंकट बसलता, मांडीवर प्लॅस्टिकचा कागद. त्याला खरंच वाईट वाटलं. तो समजुतीनं म्हणला, "दादा, राग धरू नका. मशीन खोटं बोलत नसतं."

मांडव फुटला. म्हातारी माणसं पागोट्यात तोंड खुपसून हसली. विजयसिंहचा चेहरा मिरचीवानी झाला. तेवढ्यात गंगासागर उठली आन् टेबलाजवळ गेली.

"दादा, परवा तुमी उत्तम व्हतात ना?"

"होतो! भिंतीवर आहे!"

"मंग मधल्या दोन रातींत तुमी काय केलं?"

"काही केलं नाही, काकू, तुमची शपथ!"

"मी बी काई केलं नव्हतं," गंगासागर म्हणली. आवाज बारीक, पण राधाकिशननं माइक अजून बंद केला नव्हता. "तुमच्या वर म्हाळूदादा बसलाय. काल अकरा रुपयांचा व्हता, तर तुमी त्याच्याम्होरं डोंगर दिसत व्हता. आज तो लाखाचा झाला, तर तुमी खड्ड्यात. त्याचं उरलेलं तुमच्या पहिल्या ओळीत येतं, तुमचं माझ्या, माझं ह्या बंकटच्या. उखळ पुसलेलंच न्हाई, दादा. गिऱ्हाईक बदललं की पहिली मूठ टाकून द्यावी लागती. मी वीस वर्सं टाकते."

बायांना ते एका दमात कळलं. मागून कुणी तरी वरडलं, "आगं, ते नवरदेवाचं झालतं तसं!" आन् पुन्हा हशा.

विजयसिंहनं प्रणिताकडं बघितलं. "टाक ती मूठ. आत्ता. पहिल्या ओळी टाकून दे सगळ्यांच्या!"

"सहाशे पगारात?" प्रणिता म्हणली.

"आठशे!"

चहा आला, चहा पिऊन झाला, तवर काम झालं.

"आधी माझा काढ," विजयसिंह म्हणला.

चर्र-चर्र. राधाकिशननं कागद वाचला. आन् पहिल्यांदाच त्याचा सूर जराक अडखळला.

"खाते नंबर एकशे सतरा. विजयसिंह. शेरा... धोका."

विजयसिंहनं टेबलावर हात आपटला. "म्हणजे ही दुरुस्तीच खोटी! पुसून टाक सगळं! आज वाटप बंद!"

गंगासागरनं संस्थेच्या भिताडाकडं बघितलं. घड्याळात सव्वा वाजलता. बीडची एसटी पावणेदोनला. वाटप बंद म्हंजे मशीन तलवाड्याला, आन् तीन हजार पाण्यात. ठसका देताना आपल्याच डोळ्यात मिरची गेली, हे तिला कळलं. तिनं वाकून पडद्यावर बोट ठिवलं. एकशे सतरा. तिसरी ओळ एक लाख साठ. चौथी एक लाख पाच.

"प्रणिता, हे पंचावन हजार कुठं गेले?"

"मावशी, ही सरांची सोताचीच उडी हाय. कुणाचा खकाणा न्हाई."

गंगासागर विजयसिंहच्या कानाजवळ गेली. माइकपासून लांब. "दादा, मागच्या महिन्यात नवी जीप घेतली, ती कुठून?"

विजयसिंहनं आवाज उतरवला. "खात्यातून काढले."

"रोख दिले?"

"रोख."

"मंग लाजता कशाला? उखळ घाण ठिवलं तरी तुमी धोकाच, आन् धुतलं तरी धोकाच. पण घाण ठिवलं तर लोक म्हणतील, चेअरमन म्हाळू मेंढक्यापुढं उणा निघाला. धुतलं तर म्हणतील, एकही रुपाया कर्ज न काढता गाडी घेणारा माणूस हाय. तुमचं तुमी बघा."

विजयसिंहनं सोताच माइक धरला.

"मंडळी! मशीन खरं बोललं. आम्ही रोख पैसे देऊन जीप घेतली, म्हणून शिल्लक घटली. चेअरमनला सुद्धा सूट नाही, असला हा कॉम्प्युटर आहे!"

टाळ्या पडल्या. त्याचं त्याला बी खरं वाटायला लागलं.

"आता काकूंचा काढ."

"खाते नंबर एकशे अठरा. गंगासागर केदारनाथ. शेरा, उत्तम."

त्यानं तिथंच सही केली. पंचवीस हजार मोजेपर्यंत केदारप्पा तिकडं एसटीच्या म्होरं आडवा उभा राहून कंडक्टरशी भांडत व्हता. "थांब की, धोका यायचाय अजून!" कंडक्टरला काई कळंना. गंगासागर पदरात गाठ मारून पळत आली, तव्हा मागून भोंग्यात राधाकिशन वाचत व्हता:

"खाते नंबर एकशे एकोणीस. बंकट. शेरा, धोका."

बंकट उभा राहून प्लॅस्टिकचा कागद सगळ्यांना दाखवत व्हता. "आवं, हे बघा, उत्तम! चिकटवलेलं हाय! चिकटवलेलं कसं बदलंल?"

आन् म्हाळूचा कागद? उत्तम. साऱ्या संस्थेत त्याच्याएवढी मोठी उडी कुणाचीच नव्हती. विजयसिंहनं त्याला इचारलं, "म्हाळूदादा, लाखभर कर्ज घेता का? मशीन हो म्हणतंय."

म्हाळू मांडवातच घोंगडं पसरून आडवा झालता. एक डोळा उघडून म्हणला, "मेंढरं इकून पैसे आणले. आता पैसे घेऊन मेंढरं घेऊ व्हय?" आन् झोपला. भोंग्याच्या खाली झोपला, आन् सांजपर्यंत उठला न्हाई.

चैत्रात केदारप्पाच्या पडवीत मशीन धडधडायला लागली. तिघी बाया कामाला लागल्या. मनकर्णा नावाची एक नवी बाई म्हणली, "अक्का, आता मशीन हाय, आता कशाला ती ज्वारीची मूठ वाया घालायची?"

"आधी मूठ," गंगासागर म्हणली. "मशीनला तर जास्तच."

एकदा बंकट आला. अर्धा किलो मिरची कांडायची व्हती, पैसे नव्हते. तारण म्हणून तो प्लॅस्टिकचा कागद ठिवून गेला, तो परत न्यायला आलाच न्हाई. तो मशीनच्या तोंडाशीच ठिवलेला असतो. पहिली मूठ खरडून काढायला लई बेस हाय. गुळगुळीत हाय, वाकत न्हाई, आन् कितीबी मिरची लागली तरी वरचं 'उत्तम' काई पुसलं जात न्हाई.